बेताचं पिकणं: मोझेलच्या काबिनेट वाईनबद्दल

"गोड आहे, नवशिक्यांना चालेल." मोझेलच्या काबिनेट वाईनबद्दल हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलंय, आणि गंमत म्हणजे ते म्हणणारे बहुतेक जण वाईनमधले दर्दी असतात. त्यांच्या हिशोबात पांढरी वाईन एकतर कोरडी हवी, म्हणजे तिच्यात साखर उरलेली नको, नाहीतर मग मधासारखी दाट आणि भयंकर महाग तरी हवी. काबिनेट यातली कुठलीच नाही. जेमतेम 8 टक्के अल्कोहोल, थोडी गोड, भरपूर आंबट, आणि किंमतही तुलनेनं कमी. त्यामुळे ती आपोआप खालच्या पायरीवर जाऊन बसते.

मला हा निकाल मान्य नाही. तो का चुकतो हे सांगायला चवीच्या आणि वासाच्या संशोधनाची चांगली मदत होते. नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच, पण नवीन मंडळींसाठी सांगते: मी जर्मनीत पीएचडी करते, विषय अन्नरसायन, त्यातही वासाचे रेणू. या ब्लॉगवर त्या क्षेत्रातलं संशोधन मराठीत समजावून सांगायचा प्रयत्न असतो. आज मात्र नुसतं समजावून थांबणार नाहीये, बाजूही घेणार आहे.

ग्लासात आहे तरी काय?

मोझेल नदी फ्रान्समध्ये उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत येते आणि कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. तिच्या काठचे द्राक्षमळे 50 अक्षांशाच्या आसपास आहेत. तुलनेसाठी, आपलं श्रीनगर 34 वर येतं. इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकणं हीच मुळात अवघड गोष्ट. ती पिकतात कारण मळे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट डोंगरावर हा उतार काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. माणूस दोर किंवा रूळ धरून काम करतो. जमीन म्हणजे जवळजवळ सगळी स्लेटची, ज्या दगडाच्या आपल्या शाळेतल्या पाट्या असायच्या तोच. काळसर दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो.

द्राक्षाची जात रीसलिंग. तिचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख 1435 सालचा, ऱ्हाइन-माइन भागातल्या र्‍यूसेल्सहाइमचा. मोझेलमध्ये तिला खरा जोर मिळाला तो 1787 मध्ये ट्रियरच्या आर्चबिशपनं हलक्या जातींचे वेल काढून चांगले लावायचा हुकूम काढल्यावर. रीसलिंग सावकाश पिकते, थेट ऑक्टोबरपर्यंत, आणि तिची सगळी खुबी या सावकाशीत आहे.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन: टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदातलं आम्ल. फळ पिकत असताना वेल हे मॅलिक आम्ल श्वसनात जाळून टाकतो, आणि हवा जितकी गरम तितकं ते लवकर जळतं. थंड रात्रींमध्ये ते टिकतं. म्हणून थंड प्रदेशात फळात साखर आणि वास तयार होईपर्यंत आंबटपणा शिल्लक राहतो. नाशिककडे गणित उलटं चालतं. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात ऊन चढत असतं. मोझेलमध्ये शेवटच्या टप्प्यात धुकं उतरत असतं. एकाच जातीची द्राक्षं दोन्हीकडे लावली तरी वाईन वेगळीच होणार.

"थंड प्रदेश" हा शब्द हवेतला नाही, त्याला मोजमाप आहे. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्रेगरी जोन्स यांच्या वर्गवारीत वेलीच्या वाढीच्या सात महिन्यांचं, म्हणजे उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबरचं, सरासरी तापमान 13 ते 15 अंश सेल्सिअस असेल तर तो थंड प्रदेश, आणि 15 ते 17 असेल तर मध्यम. ही सीमारेषा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमटीला कुणी गोड म्हणतं का?

काबिनेटच्या एका लिटरमध्ये साधारण 40 ते 50 ग्रॅम साखर असते. आकडा मोठा वाटतो. कोलासारख्या पेयात लिटरला 100 ग्रॅमच्या वर असते, पण तिथे वास्तविक तुलना साखरेची साखरेशी करून भागत नाही. काबिनेटमध्ये त्याच लिटरमागे 8 ग्रॅमच्या आसपास आम्लही असतं, आणि गोड-आंबट एकत्र आले की जीभ त्यांची बेरीज करत नाही. ते एकमेकांना दाबतात. साखरेमुळे आंबट कमी लागतं, आम्लामुळे गोड कमी लागतं. चवीच्या अभ्यासात हे दडपणं फार जुनं आणि पुन्हा पुन्हा तपासलेलं निरीक्षण आहे.

आपल्याला खरं तर हे कुणी शिकवायला नको. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिकच असतं, द्राक्षातलं जे तेच. बहुतेक फळांमध्ये ते विशेष सापडत नाही, पण चिंचेत आणि द्राक्षात भरपूर. आमटीत आपण चिंच टाकतो आणि मग गूळ टाकतो. गूळ आहे म्हणून आमटीला कुणी गोड पदार्थ म्हणत नाही. गूळ कमी पडला तर "आमटी आंबट झाली" म्हणतो, जास्त झाला तर "गुळचट झाली" म्हणतो, आणि जमली तर नुसतं "जमली" म्हणतो. काबिनेटकडे बघायची माझ्या मते हीच रीत योग्य आहे. साखर किती आहे हा प्रश्न दुय्यम. जमलंय का, हा खरा प्रश्न.

ते जमलंय की नाही हे ओळखायचं कसं? घोट गिळल्यानंतर थांबून बघा. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये ओटॉप-1 नावाचं एक प्रथिन असतं. आम्लातले हायड्रोजन आयन त्याच्या वाटेनं पेशीत शिरतात. हे प्रथिन काढून टाकलं की उंदरांच्या त्या पेशी आम्लाला दाद देत नाहीत, असं 2019 मध्ये दाखवलं गेलं. आंबट लागलं की लाळ सुटते, आणि काबिनेटच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. चांगल्या काबिनेटमध्ये गोडवा पहिल्या क्षणी पुढे येतो, मग हळूहळू मागे सरतो, आणि शेवटी तोंडात स्वच्छ, पाणी सुटलेली, जवळजवळ कोरडी भावना उरते. वाईट काबिनेटमध्ये साखर ओठांना चिकटून बसते आणि आंबटपणा वेगळाच कुठेतरी टोचत राहतो, घाईत केलेल्या लिंबू सरबतासारखा.

एक छोटी रासायनिक गोष्ट इथेच सांगते. द्राक्षरसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण सारख्या प्रमाणात असतात. यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं, ते आधी संपवतं. आंबवणं मध्येच थांबवलं की मागे उरते ती मुख्यतः फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त गोड. थंडगार फ्रुक्टोजचा गोडवा फळासारखा लागतो, पाकासारखा नाही, असं माझ्या जिभेचं मत आहे.

आणि तापमान. फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. फार थंड असताना गोडवा दबतो आणि वास तर बंदच होतो. 8 ते 10 अंशांना सुरुवात करा आणि ग्लास हातात धरून अर्धा तास घालवा. त्या अर्ध्या तासात वाईन तीनदा बदलते. तिखट जेवणाबरोबर प्यायची असेल तर कमी अल्कोहोल ही आणखी एक सोय. मिरचीचा जाळ ज्या ग्राहीमुळे जाणवतो त्याच ग्राहीला अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे 14 टक्क्यांची कडक वाईन ठेच्यावर तेल ओतते. काबिनेट तसं करत नाही.

पाटी आणि रॉकेल

आता वासाकडे येऊ. माझं रोजचं काम तेच असल्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

तरुण काबिनेटमध्ये हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पांढरं पीच, कधी पपनसासारखा वास येतो. काही उत्पादकांच्या वाईनला बाटली उघडल्यावर आधी आगपेटीच्या काडीसारखा गंधकी वास येतो. तो अर्ध्या तासात उडतो, घाबरू नका. वय वाढलं की आणखी एक वास पुढे येतो, ज्याला इंग्रजीत पेट्रोल म्हणतात. मला विचाराल तर तो पेट्रोल नाहीच, तो रॉकेल आहे. वातीचा स्टोव्ह पेटवताना यायचा तो. त्यामागचा रेणू टीडीएन या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तो द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडच्या, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुटुंबातल्या पदार्थांच्या तुटण्यातून येतो. घडांवर ऊन जास्त पडलं की त्याचा कच्चा माल वाढतो, आणि बाटली उबदार जागी ठेवली की तो लवकर मोकळा होतो. किती कमी प्रमाणात तो नाकाला कळतो? आधी लिटरला 20 मायक्रोग्रॅम हा आकडा धरला जायचा. 2012 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गॅव्हिन सॅक्स यांच्या गटानं तो सुमारे 2 मायक्रोग्रॅम असल्याचं दाखवलं. म्हणजे आपण समजत होतो त्याच्या दहापट तिखट नाक आपल्याकडे आहे.

रॉकेलची ही गोष्ट लांबवली त्याला कारण आहे. अनेक पुस्तकं या वासाला रीसलिंगची खूण म्हणून गौरवतात. पंधरा वर्षं मुरलेल्या वाईनमध्ये मधाच्या आणि वाळल्या फुलांच्या वासाबरोबर तो आला तर मलाही आवडतो. पण दोन-तीन वर्षांच्या बाटलीत ठसठशीत रॉकेल येत असेल तर ते मुरण्याचं लक्षण नाही, उन्हाचं आहे. इथे रसायनशास्त्र समीक्षेला एक सरळ निकष देतं, तो वापरायला हवा.

दुसरा लाडका शब्द म्हणजे "मिनरल". मोझेलच्या वाईनला स्लेटची चव असते, वेल मुळांनी दगडाचा स्वाद शोषून घेतो, असं बाटल्यांवर आणि समीक्षांमध्ये सर्रास लिहिलेलं असतं. वेल्समधले भूशास्त्रज्ञ अॅलेक्स मॉल्टमन यांनी 2013 च्या एका लेखात आणि नंतरच्या पुस्तकात ही कल्पना सरळ खोडून काढली आहे. वेल पाण्यात विरघळलेले आयन शोषते, दगड नाही. दगड जवळजवळ विरघळतच नाही. वाईनमध्ये जे थोडे खनिज आयन पोचतात ते इतके कमी असतात की चवीला लागत नाहीत. स्वच्छ दगडाला तर वासच नसतो. पहिल्या पावसात तापल्या दगडाचा जो वास येतो तो दगडावर साचलेल्या तेलांचा आणि सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या रेणूंचा. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 1964 मध्ये त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले तो वास त्याच्या कितीतरी आधीपासून बाटलीत भरत होते.

मग ओल्या पाटीचा वास येतो म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांना काहीतरी जाणवतंय. जास्त आंबटपणा, फळाचा वास कमी, काही गंधकयुक्त रेणू, असं मिळून ते होत असावं. बर्गंडीच्या शार्डोने वाईनवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की "मिनरल" म्हणजे नेमकं काय यावर जाणकारांच्याच कल्पना एकमेकांशी नीट जुळत नाहीत. माझी भूमिका अशी: "ओल्या पाटीसारखा वास" हे चांगलं वर्णन आहे, "पाटीच्या दगडामुळे आलेला वास" हा चुकीचा दावा आहे. पहिलं वाक्य समीक्षेचं आणि दुसरं जाहिरातीचं. स्लेटचं खरं काम ऊब धरायचं आणि पाणी झिरपू द्यायचं आहे, आणि तेही काही कमी नाही.

कॅलिफोर्नियात डेव्हिसला अॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाईनच्या वासांचं चक्र बनवलं, ते याच गोंधळावर उपाय म्हणून. त्यात "भारदस्त", "देखणी" असे शब्द नाहीत, पीच, लवंग, गवत असे आहेत. ज्याची वस्तू आणून हुंगता येईल तोच शब्द घ्यायचा. आपण मराठीत चाखायला बसलो तर आपल्या वस्तू घ्याव्यात. कैरीची साल, ओला खडू, पपनस, रॉकेल. निदान समोरच्याला कळेल तरी.

शिडी उलटी कशी झाली

आता मुख्य तक्रारीकडे. काबिनेट खालची का मानली जाते?

कारण कायदा तसं सांगतो. जर्मनीच्या 1971 च्या वाईन कायद्यानं चांगल्या वाईनची एक शिडी घालून दिली: खाली काबिनेट, मग श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे आणि सगळ्यात वर ट्रोकनबेरेनआउसलेझे. पायरी ठरते ती द्राक्षरसातल्या साखरेवरून. मोजमापाला ओक्सले अंश म्हणतात, फोर्ट्सहाइमचे सोनार आणि यंत्रकार फर्डिनांड ओक्सले यांच्या नावावरून. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. मोझेलच्या रीसलिंगला काबिनेटसाठी सुमारे 70 अंश लागतात, सर्वांत वरच्या पायरीला 150.

गंमत अशी की "काबिनेट" हा शब्द मुळात उलट अर्थाचा होता. 18 व्या शतकात ऱ्हाइनगाऊमधल्या एबरबाखच्या मठात निवडक, जपून ठेवायची वाईन ज्या तळघरात असायची ते काबिनेट तळघर. म्हणजे शब्द होता सर्वोत्तम मालाचा. 1971 मध्ये तो पहिल्या पायरीला चिकटवला गेला.

तेव्हा या शिडीला अर्थ होता, हे मान्य करायला हवं. मोझेलमध्ये पिकलेलं द्राक्ष दुर्मिळ होतं. 1965 किंवा 1984 सारख्या वर्षी आंबट, कच्च्या फळाशीच गाठ पडायची. जास्त साखर म्हणजे जास्त ऊन, जास्त धीर, जास्त नशीब. दुर्मिळ गोष्टीला वरची पायरी देणं स्वाभाविक होतं.

1980 च्या दशकाच्या अखेरीनंतर मात्र मोझेलमध्ये द्राक्ष पिकलंच नाही असं वर्ष जवळपास आलेलं नाही. वर जी 15 अंशांची सीमारेषा सांगितली, तिच्या दिशेनं आणि कित्येक वर्षी तिच्या पलीकडे जर्मनीचे द्राक्षमळे सरकलेत. आइसवाईनचं उदाहरण बघा. त्यासाठी द्राक्षं वेलीवरच उणे 7 अंशांना गोठावी लागतात. 2019 च्या हंगामात ती देशभरात कुठेच पुरेशी गोठली नाहीत. सबंध जर्मनीत आइसवाईनचं पीक बुडाल्याची ही पहिलीच वेळ, असं तिथल्या वाईन संस्थेनं जाहीर केलं.

साखर आता स्वस्त झालीय. दुर्मिळ काय झालंय? हलकेपणा. 8 टक्के अल्कोहोल, टवटवीत आंबटपणा, आणि तरीही पूर्ण तयार झालेला वास. हे तिन्ही एकत्र मिळायला थंड आणि लांबलेला शरद ऋतू लागतो. कायद्यात काबिनेटला किमान मर्यादा आहे, कमाल नाही. त्यामुळे गरम वर्षी श्पेटलेझेच्या किंवा त्याहून वरच्या साखरेचा रसही काबिनेट म्हणून विकता येतो आणि विकला जातो. लेबल तेच, आतली वाईन जाड. उत्पादकानं खरी हलकी काबिनेट करायची ठरवली तर त्याला सप्टेंबरमध्येच तोडणी करावी लागते, आणि तेव्हा वास तयार झालेला असेलच असं नाही. चांगली काबिनेट करणं आज आउसलेझे करण्यापेक्षा अवघड होत चाललंय असं मी म्हणते ते यामुळे.

लेबलचा परिणाम जिभेवर होतो का? होतो. 2001 मध्ये बोर्दोच्या 54 वाईनविद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वर्णनाला लाल वाईनचे शब्द वापरले. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात 20 जणांना एकच वाईन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणातही आवडीशी निगडित भाग जास्त जागा झालेला दिसला. या प्रयोगांवरून "जाणकार म्हणजे थोतांड" असा निष्कर्ष काढायची फॅशन आहे. मला तो उथळ वाटतो. त्यातून कळतं ते इतकंच की नाक आणि जीभ एकट्या काम करत नाहीत. मग ज्या बाटलीवर "पहिली पायरी" असं कायद्यानंच लिहिलंय तिच्याबद्दल आपण निःपक्ष असू, हे कशावरून?

दोन बाटल्या

हे सगळं ग्लासात दिसतं का? दिसतं. वेलेन गावासमोर "झोनेनऊर" नावाचा मळा आहे. झोनेनऊर म्हणजे सूर्यघड्याळ. 1842 मध्ये डोंगरावर बांधलेलं ते घड्याळ अजून तिथे आहे. याच मळ्याच्या, एकाच उत्पादकाच्या दोन काबिनेट मी लेबल झाकून शेजारी शेजारी चाखल्या. एक 2018 ची, गरम आणि कोरड्या वर्षाची. दुसरी 2021 ची, थंड, ओल्या आणि उशिरा तोडणीच्या वर्षाची. उत्पादकाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा वर्षांचा आहे.

2018 ची लगेच आवडते. पिकलेलं पीच, थोडा अननस, तोंडभर गोलाई. पहिल्या ग्लासाला मी तिला जास्त गुण दिले असते. दुसऱ्या ग्लासाला ती तेच पुन्हा सांगते, आणि गिळल्यावर गोडवा मागे रेंगाळतो. 2021 ची सुरुवातीला अंग चोरून असते. गंधकी वास, मग लिंबाची साल, मग खूप उशिरा एक कैरीसारखा हिरवा, कोवळा वास. आंबटपणा इतका सरळ की पहिल्या घोटाला डोळे बारीक होतात. पण बाटली उघडून तास झाल्यावर साखर आणि आम्ल एकमेकांत अशी मिसळली की दोन्ही वेगळी दाखवता येईनात. रात्री जेवणाबरोबर संपली ती हीच. 2018 ची अर्धी उरली.

गुण देणाऱ्या पद्धतीची अडचण इथे उघडी पडते. 100 पैकी गुण द्यायची रूढी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी रुजवली. अशा पद्धतीत एका बैठकीत डझनांनी वाईन चाखल्या जातात, प्रत्येकीला एखाद-दोन घोटांची संधी. त्या गर्दीत जी दाट, गोल आणि मोठ्यानं बोलणारी, ती उठून दिसते. काबिनेटची बाजू दुसऱ्या ग्लासाला कळते, आणि तिथपर्यंत परीक्षक पोचतच नाही.

काबिनेटचे दोष

नुसतं कौतुक करून सुटका नाही. बाजारातल्या बऱ्याच काबिनेट खरोखर सामान्य असतात. साखर दोष झाकते, हे खरंच आहे. कच्च्या फळाचा कडवटपणा आणि पातळपणा गोडव्याखाली लपवता येतो. गेल्या शतकात लीबफ्राउमिल्खसारख्या स्वस्त गोड वाईनच्या निर्यातीनं जर्मन वाईनचं नाव गेलं ते उगाच नाही. आणि या शैलीला फार प्राचीन परंपरा म्हणून मिरवणंही बरोबर नाही. थोडी साखर राखून वाईन बाटलीत स्थिर ठेवणं 20 व्या शतकात निर्जंतुक गाळणी आल्यावर सोपं झालं. आजची काबिनेट ही बरीचशी आधुनिक वस्तू आहे. म्हणून ती कमी ठरत नाही, पण "आजोबांच्या काळापासून" हा युक्तिवाद मी वापरणार नाही.

शिवाय कोरड्या रीसलिंगनं या प्रदेशाला पुन्हा मान मिळवून दिला, त्यालाही किंमत आहे. पण गरम वर्षांत मोझेलच्या कोरड्या वाईन 13 टक्क्यांपर्यंत जातात, आणि त्या जगात त्यांना बरेच प्रतिस्पर्धी आहेत. 8 टक्क्यांत एवढं सगळं मांडणारी वाईन करणारे प्रदेश जगात मोजकेच आहेत.

याचा हिशोब शेवटी डोंगरावर होतो. उभ्या उतारावरच्या मळ्याला सपाट मळ्याच्या कितीतरी पट मजुरी लागते, आणि काबिनेट पहिल्या पायरीच्या भावात विकली तर ती मजुरी सुटत नाही. मोझेलमध्ये 1990 च्या सुमारास 12 हजार हेक्टरच्या वर द्राक्षं होती, आता सुमारे साडेआठ हजार उरलीत. सोडून दिलेल्या उतारांवर आज काटेरी झुडपं आहेत. दुसरीकडे झार आणि रूवर या उपनद्यांच्या खोऱ्यांतले, पूर्वी फार थंड म्हणून नाकारलेले कोपरे उत्पादक आता शोधत फिरतायत, थोडी थंडी मिळावी म्हणून.

तुम्हाला कधी संधी मिळाली तर हा प्रयोग करून बघा. एक गरम वर्षाची आणि एक थंड वर्षाची काबिनेट घ्या, लेबलं कागदात गुंडाळा, आणि पहिल्या घोटाला निकाल देऊ नका. जेवण होईपर्यंत थांबा आणि मग बघा, कुठली बाटली आधी संपली. पुढच्या पोस्टमध्ये टीडीएनवर सविस्तर लिहिते. बूच त्यातला काही भाग शोषून घेतं आणि पिळाच्या झाकणाच्या बाटलीत तो तसाच राहतो, त्यामुळे "झाकण कुठलं" हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.